चाकामागचा दगड

नोकरीत असताना अमानवीय अनुभव म्हणून छापायला आलेला मजकूर मी बहुतेक वेळा वरवर चाळून बाजूला ठेवत असे. उमेदीची सगळी वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. तिथं एक सवय लागते — कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, आणखी कोण हजर होतं, हे आधी विचारायचं. एवढं विचारलं की बहुतेक भुतं संपतात. लिंबू, नारळ, अमावस्या यातलं मी काही मानत नाही. आजही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण यावेळी हजर असणाऱ्यांत मी स्वतः होतो. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

कोल्हापुरातून उचगावकडे जाताना रस्त्याला लागूनच माझ्या दाजींचं, दिलीपरावांचं गॅरेज आहे. माझी थोरली बहीण — अक्का — त्यांची बायको. पत्र्याची उंच शेड, पुढे सिमेंटचा कोबा. शेडमध्ये पावसाचं पाणी येऊ नये म्हणून कोबा रस्त्याच्या दिशेनं चांगलाच उतरता केलेला आहे. या उतारामुळे गॅरेजला एक नियम होता, दाजींच्या वडिलांपासूनचा. कोब्यावर गाडी उभी केली की नुसत्या हातब्रेकवर विसंबायचं नाही, मागच्या चाकाच्या मागे दगड लावायचा. आणि लावणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं — "लागला!" तो शब्द कानावर आल्याशिवाय कुणीही गाडीखाली किंवा गाडीमागे जायचं नाही. दगड काढताना "काढला!"

रस्त्यावरची मंडळी याची चेष्टा करत. शेजारचा टायरवाला चहाचा ग्लास खाली ठेवतानासुद्धा "लागला!" म्हणून ओरडायचा. दाजी हसायचे, पण नियम कधी ढिला पडला नाही.

अमोल, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, या शेडमध्येच वाढला. पुढे सैन्यात ड्रायव्हर झाला. सुट्टीवर आला की घरी बॅग टाकून आधी गॅरेजवर यायचा, आणि अक्का डबा घेऊन मागोमाग यायची. "आईला भेटायचं सोडून लोखंडाला भेटायला आलाय," असं तिचं ठरलेलं वाक्य.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. वर डोंगरात, उतारावर गाडी उभी करून तो खाली उतरला होता. गाडी मागे सरकली. तो सावरायला गेला आणि तिच्याखाली सापडला. एवढंच आम्हाला कळलं. त्याला घेऊन जे जवान आले, त्यातला एक अमोलच्याच वयाचा होता. तो दाजींजवळ बसून रडत होता. दाजींनी विचारलं, गाडी सरकली कशी? तो म्हणाला, "शायद पत्थर लगाना रह गया होगा, अंकल. थके हुए थे सब."

त्यानं समजूत घालायला म्हटलं असणार. पण दाजींच्या डोक्यात तेवढंच एक वाक्य राहिलं. अक्कानं त्या मुलाला वेगळंच विचारलं — "जेवला हुता का रं त्यो?" त्याला मराठी कळत नव्हतं. मी हिंदीत सांगितलं. तो हो म्हणाला.

त्यानंतर गॅरेज बंद. बाबालाल चाचा, म्हणजे पत्र्याचं आणि रंगाचं काम करणारे दाजींचे जुने साथीदार, रोज येऊन शटर उघडायचे, झाडायचे, पुन्हा ओढून घरी जायचे. दाजी घरात बसून असायचे. मी गेलो की एकच विषय.

"पावणं, त्यो विसरंल का? तुमीच सांगा. शेंबूड पुसायला येत नव्हतं तवापासनं दगड लावालाय त्यो."

अक्का आत भांडी घासत असायची. हा विषय निघाला की ती नळ मोठा सोडायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर भूपालअण्णा आले. जैन घराणं, शाहूपुरीत गुळाची पिढीजात पेढी, गारगोटीच्या बाजूला मळा. दाजींच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक.

"दिलीप, माझ्या आज्याची गाडी मळ्यातल्या शेडात पडून हाय. गुळाच्या रव्यांच्या थप्पीवर बसून त्या गाडीतनं आलोय मी पेठेत. एकदा परत बसायचं हाय."

"अण्णा, काम बंद केलंय मी."

"व्हय, ठावं हाय की. म्हणूनच तुझ्याकडं आलोय. ज्याचं काम चालू हाय त्याला असल्या कामाला येळ नसतो."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर दाजींनी हाकलून दिलं असतं. अण्णांना त्यांनी चहा दिला.

गाडी क्रेननं उचलून आणली त्या दिवशी मी होतो. गाडी कसली, ट्रकच्या आकाराचा गंजाचा ढीग. तोंड बसकं, बेडकासारखं. पुढची काच वरच्या कडेला पुढे आलेली आणि खाली आत गेलेली. मूळ इंजिन काढून केव्हातरी डिझेल बसवलेलं, आणि मूळ इंजिन मळ्यातच पोत्याखाली. त्यावर कोंबड्या अंडी घालत होत्या. तेही अण्णांनी पाठवून दिलं होतं, पिसांसकट.

"अमेरिकन हाय," अण्णा म्हणाले. "लढाई संपल्यावर लिलावात घेतलीती आज्यानं."

"आज्यानं अमेरिका बघितलीती व्हय?" बाबालाल चाचांनी विचारलं.

"तू बघितलीयास?"

"मी म्हंतोय का अमेरिकन हाय म्हणून?"

दाजी तोवर गाडीभोवती एक फेरी मारून आले होते. अमेरिकन असती तर स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणाले. हे उजवीकडे आहे, आणि ते मूळचंच आहे, कुणी बदललेलं नाही. काच अशी तिरकी का, तर वरून विमानाला तिची चमक दिसू नये. चाचांनी डॅशबोर्डवरचा रंग हळूहळू घासला तेव्हा खाली पितळी पट्टी निघाली आणि तिच्यावर कॅनडा हे नाव. मी नंतर वाचून खात्री केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी असे ट्रक तिकडे बनत, आणि हिंदुस्थानातही पुष्कळ आले.

पण गाडी खरी ओळखली ती मागून. मागच्या अॅक्सलच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा असतो, त्यावरचं चिखल आणि तेलाचं किटण चाचांनी खरवडलं. खाली पांढरा रंग.

"हितं कोण पांढरा लावतंय?" चाचा म्हणाले. "दिसत न्हाय, कोण बघत न्हाय. येडा हुता का कोण रंगारी?"

दाजी उकिडवे बसले. त्या पांढऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रात्री दिवे बंद करून जात्यात. सगळा ताफा. मागच्यानं फकस्त म्होरच्या गाडीचा ह्यो पांढरा ठिपका बघत जायचं. वरनं एक बारका दिवा असतोय. आताच्या गाड्यांनाबी असतंय... ठिपका दिसालाय तवर म्होरचा हाय, असं म्हणायचा अमोल."

तो गेल्यापासून दाजींच्या तोंडून त्याचं असं सहज नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज उघडलं. रंगाचे थर निघत गेले — निळा, त्याखाली लाल-पिवळा, त्यावर अण्णांच्या पेढीचं नाव, त्याखाली आणखी एक निळा आणि सगळ्यात तळाशी फौजेचा मळकट हिरवा. दाजी सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर परत यायचे. जेवायला लागले. दगडाचा विषय मात्र सुटला नव्हता. इंजिनात हात घालून मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "थकला असंल म्हणं. थकला म्हणून काय झालं?" अक्का या सगळ्या काळात गॅरेजवर एकदाही आली नाही. डबा माझ्याबरोबर पाठवायची.

आता त्या दिवसाचं. वेळ सकाळची, ऊन चांगलं वर आलेलं. गाडी पहिल्यांदा चालू करायची होती. दाजींनी फार आग्रह केला म्हणून अक्का पूजेचं ताट घेऊन आली. अण्णांना यायला उशीर होणार होता. शेजारपाजारची चार माणसं बोलावून गाडी ढकलत शेडमधून कोब्यावर आणली — तोंड शेडकडे, मागची बाजू रस्त्याकडे, म्हणजे उताराच्या बाजूला. दाजी आत बसून स्टिअरिंग धरून होते. त्यांनी हातब्रेक ओढला. गाडी थांबली. ढकलायला आलेले लोक आपापल्या कामाला गेले. उरलो आम्ही चौघं.

मी गाडीभोवती फिरून फोनवर फोटो काढले. त्यातला एक मागून काढलेला आहे, पांढऱ्या गोळ्याचा. चाचांनी तो नव्यानं रंगवला होता. त्या फोटोत मागची दोन्ही चाकं पूर्ण दिसतात. चाकांमागे कोबा आहे. कोब्यावर काहीही नाही.

मी पुढे अक्काजवळ येऊन उभा राहिलो. ती बॉनेटला कुंकू लावत होती. चाचा डबा-ब्रश घेऊन मागे गेले आणि गोळ्याची राहिलेली कड रंगवायला गाडीच्या बरोबर मागे बसले. दाजी आत होतेच. अक्कानं ओवाळलं, नारळ फोडला. दाजींनी इंजिन चालू केलं. दोनदा खोकून ते धरलं आणि अख्खी गाडी थरथरायला लागली. त्याच वेळी खाली काहीतरी खळ्ळकन वाजलं. हातब्रेकच्या सळईची पिन निसटली होती, हे नंतर कळलं. गाडी मागे निघाली. माझ्या डोळ्यांदेखत बॉनेट अक्काच्या हातापासून लांब गेलं... आणि टीचभर जाऊन थांबलं. गचका बसून.

दाजींनी इंजिन बंद केलं. मी मागे धावलो. चाचा कोब्यावर मागे रेलून पडलेले, ब्रश हातात, गाडीची मागची फळी त्यांच्या डोक्यापासून हातभरावर. उजव्या मागच्या चाकामागे दगड होता. चाक त्यावर चढू बघून अडलं होतं.

दाजी उतरून आले. आधी चाचांना उठवून बसवलं. मग दगडाकडे बघून मला म्हणाले, "पावणं, बरं झालं बाबा तुमी लावलासा."

मी म्हणालो, "मी नाही लावला."

"चाचा?"

"मी कशाला लावतोय? तुमी म्हटलासा की लागला. म्हणून तर बसलो."

"मी आत हुतो चाचा. मला वाटलं पावण्यानी लावला. लागला म्हटल्यालं ऐकलं मी."

मला तर गॅरेजचे दगड कुठे असतात तेही नीट माहीत नव्हतं. दाजींनी आत नेऊन दाखवलं. गॅरेजचे दोन्ही दगड भिंतीशी होते, नेहमीच्या जागी.

माझ्या सवयीप्रमाणे मी नंतर दाजींना आणि चाचांना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांनीही सांगितलं की "लागला" हा शब्द उजव्या मागच्या बाजूनं आला. दोघांनीही सांगितलं की तो चाचा बसायच्या आधी आला, म्हणजे इंजिन चालू होण्याच्या बऱ्याच आधी. मी ऐकला नाही. मी पुढच्या बाजूला होतो, रस्त्यावर वाहनं होती. मला न ऐकू येणं शक्य आहे. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी दगड लावून ओरडलं असेल का? टायरवाल्याला विचारलं. तो त्या दिवशी दुकान बंद ठेवून लग्नाला गेला होता. दगड मी माझ्या ओळखीच्या एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवला. करडा, उन्हात चमचमणारा. आपल्याकडचा काळा दगड नाही हा, म्हणाले. हिमालयाकडे असला असतो, पण खाली कोकणातही सापडतो. आणि कोकणातल्या गाड्या त्या रस्त्यानं दिवसभर जात-येत असतात. तेव्हा दगडावरून काही सिद्ध होत नाही.

त्या वेळी मात्र दाजी शेडच्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. "आज मी इसरलो, पावणं. मी! बापजाद्यांचा नियम, आणि मीच इसरलो. चाचा गेला असता माझ्या हातनं." आणि थोड्या वेळानं, डोळे पुसून, अगदी शांतपणे — "त्यो न्हाय इसरला. बघितलासा न्हवं? त्यो न्हाय इसरत."

एका गोष्टीवरून दुसरी सिद्ध होत नाही, हे मला दिसत होतं. पण कित्येक महिन्यांनी तो माणूस सरळ पाठीनं बसला होता.

अक्का ताट घेऊन उभीच होती. निरांजन विझलं होतं. तिनं चाचांना विचारलं, "चाचा, आवाज कसा हुता?"

चाचांनी दाजींकडं पाहिलं. "वहिनी... नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हंजे कुणासारखा?"

"आपल्या शेडातला."

कुणाचा ते चाचांनी त्या दिवशी सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते नमाजाला उशीर होतोय म्हणून उठले.

अक्का म्हणाली, "मीबी हितंच हुतो की." आमच्याकडे बायका असंच बोलतात. "गल्लीच्या तोंडाला आला की चपलीवरनं वळखायचो मी त्याला. मग मला कसं न्हाय आलं ऐकू?"

दाजींच्या चेहऱ्यावर जी शांतता आली होती, ती गेली.

यानंतर अक्का रोज गॅरेजवर यायला लागली. दुपारी डबा घेऊन येते, दाजींना आणि चाचांना वाढते, आणि मग एक स्टूल ओढून ट्रकच्या उजव्या मागच्या चाकाजवळ बसते. काही करत नाही. जप नाही, पोथी नाही. कंप्रेसर चालू असेल तर दाजी आपण होऊन बंद करतात. ट्रक तयार आहे. अण्णा एकदा येऊन त्यात बसले, हॉर्न वाजवला, डोळे पुसले आणि अक्काला स्टुलावर बघून दाजींना म्हणाले, "राहू दे हितंच. मला घाई न्हाय." मीच एकदा तिला म्हणालो, अक्का, रोज कशाला त्रास करून घेतेस? ती म्हणाली, "घरात बसून तरी काय आयकू येतंय?"

मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती तशीच बसली होती. दाजी हात पुसत तिच्याजवळ आले. उकिडवे बसले आणि दुसरीकडेच बघत बोलायला लागले.

"मला न्हाय वाटत आता आवाज आलता म्हणून. इंजनाचा दणका केवढा हुता. त्यात काय ऐकू यायचं? भास झाला असंल. चाचाचं तर वय झालंय."

चाचा पलीकडे पत्रा ठोकत होते. ठोकायचे थांबले.

इंजिन तेव्हा चालू नव्हतं. ते दाजींना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि नारळ फोडणाऱ्या अक्कालाही माहीत होतं. "त्यो न्हाय इसरला" हे जे एकच वाक्य त्यांना तारून नेत होतं, ते तिच्यासाठी सोडून द्यायला निघाले होते.

अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. चाकाकडंच बघत म्हणाली, "आलता. तुमास्नी आलता. आता मागं घीऊ नगासा."

दाजी खाली मान घालून तिथंच बसून राहिले. तिनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा काळा डाग पुसला. जरा वेळानं चाचांचा हातोडा पुन्हा सुरू झाला.

दगड कुणी लावला, मला माहीत नाही. दोघांना ऐकू आलं आणि तिला का आलं नाही, तेही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त तिचं समाधान होईल म्हणून काहीतरी लिहू नका. ती वाचते.